रांगेत कोण नाही, ते आधी बघा

युद्धामुळं घरदार सुटलेल्या माणसांसाठी काम करायचंय, मदतीचा प्रकल्प कसा चालवायचा ते सांगा, असं म्हणत कोल्हापुरातली पोरं-पोरी माझ्याकडं येतात. मी त्यांना आधी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला घेऊन जाते. लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळेच तिथं जातो, पण ही जागा मुळात निर्वासितांची छावणी होती, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या या माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर आली. ती गेली आणि त्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आजची बाजारपेठ त्यांनी उभी केली.

पोलिश छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकंसुद्धा व्हायची. आठ वर्षांचं जे पोर तिथं आलं, ते जाताना तेरा वर्षांचं झालं होतं. तुमच्या प्रकल्पाला पैसे सहा महिन्यांचे मिळतील, पण माणसं पाच वर्षं राहतील असं धरूनच नकाशा काढा. ताडपत्र्या कुठं बांधायच्या हे ठरवताना त्याच दिवशी शाळेची जागा राखून ठेवा. नंतर ती मिळत नाही.

माझी सुरुवात २००५ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात झाली. २०१७ च्या ऑक्टोबरात मी बांगलादेशात कॉक्स बाजारला गेले. २५ ऑगस्टपासून म्यानमारमधून रोहिंग्या येत होते आणि काही महिन्यांतच सात लाखांहून जास्त माणसं उखिया-टेकनाफच्या टेकड्यांवर आली. मी तिथं तीन वर्षं होते. त्यातून शिकलेली एकच गोष्ट सांगायची तर ती ही: मदतीच्या रांगेत उभी असलेली माणसं बघायला सगळेच जातात, तुम्ही रांगेत नसलेली शोधा. ट्रक, गोदाम, हिशेब सांभाळायला चांगली माणसं मिळतात. हा शोध मात्र प्रमुखानं स्वतः घेतला नाही तर कुणीच घेत नाही.

पहिला आठवडा

तुम्ही पोचता तेव्हा कुणीतरी तुमच्या हातात यादी देतं. देणारा बहुधा चांगल्या मनानंच देतो, पण ती यादी त्याला जेवढं दिसलं तेवढ्याची असते. रोहिंग्या छावणीत प्रत्येक ब्लॉकला एक म्होरक्या होता, त्याला तिथं 'माझी' म्हणत. घाईच्या दिवसांत नेमलेली ही माणसं, कुणी निवडून दिलेली नव्हती. आमच्या वाट्याला आलेल्या एका ब्लॉकच्या 'माझी'नं आम्हाला वहीत नीट लिहिलेली यादी दिली आणि आम्ही तिच्यावर पहिलं वाटप करून मोकळे झालो.

चार दिवसांनी टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गेले तर तिथं अकरा झोपड्या होत्या. एकही यादीत नव्हती. त्यांतल्या नऊ घरांत कर्ता पुरुष नव्हता, म्हणून 'माझी'कडं नाव सांगायला कुणी गेलंच नव्हतं. पावसानं पायवाट शेवाळली होती आणि तो 'माझी' तिकडं फिरकला नव्हता. एका झोपडीत बारा वर्षांची मुलगी होती. शेजाऱ्यांचं डाळ-तेल खालून डोक्यावर वाहून आणून द्यायची आणि त्या बदल्यात वाटीभर तांदूळ घ्यायची. म्हणजे आमच्या वाटपाला ती रोज हजर होती, आम्ही तिला बघतही होतो, पण ती दुसऱ्याच्या कार्डावर आली होती.

तेव्हापासून मी फेरी उलटी मारायला लागले. ऑफिसातून निघून कडेला जायचं नाही, कडेपासून सुरू करून मधे यायचं. एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, आणि सुरक्षेची परवानगी असेल तर दिवेलागणीनंतर. बरोबर एक तरी बाई हवीच, आणि ती तिथली भाषा बोलणारी हवी. बायकांशी वेगळं बसून बोलायचं, पुरुष दाराशी घुटमळत नाहीत ना ते बघून. मी चार गोष्टी विचारते: पाणी कुठून आणता, रात्री संडासला कुठं जाता, गेल्या वाटपाला घरातून कोण गेलं होतं, आणि तुमच्या ओळखीचं कोण आलं नव्हतं. या शेवटच्या प्रश्नानं एकाकडून दुसऱ्याकडं वाट सापडत जाते. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, दिवस भरलेली बाई, आईबापाविना दुसऱ्याच्या घरात राहणारी मुलं, सगळी याच प्रश्नातून कळतात.

फेरी मारताना पाच वर्षांखालच्या मुलांचे दंड मोजा. आपल्या अंगणवाडी सेविकांकडं असते तीच दंडघेराची पट्टी. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत असेल तर ते मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला त्याच दिवशी उपचाराला पाठवा. आणि गोवराची लस सहा महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्यांना आधी टोचून घ्या. दाटीवाटीच्या वस्तीत गोवर फार मुलं नेतो.

यादी सांभाळा

पुरात यादी हरवली तर काम खोळंबतं. संघर्षात यादी चुकीच्या हातात पडली तर माणसं मरतात. रवांडात १९९४ मध्ये ओळखपत्रावर लिहिलेला वंश बघून रस्त्यावरच्या नाक्यांवर माणसं वेगळी काढून मारली. म्हणून लागत नाही ती माहिती विचारूच नका. तांदूळ द्यायला धर्म, जात, टोळी, गाव सोडण्याचं कारण, यांतलं काहीही लागत नाही. घरात माणसं किती, वयं काय, कुणाला विशेष मदत हवी, एवढं पुरतं. फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही, रकाना खोडायचा अधिकार प्रमुखाला असतो. तो वापरा. रजिस्टर कुणाकडं राहणार, रात्री कुठं ठेवणार, अचानक निघावं लागलं तर ते कोण नष्ट करणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. कोणतंही सैन्य, पोलीस किंवा सशस्त्र गट यादी मागायला आला तर हाताखालच्या पोरांनी उत्तर द्यायचं नाही. प्रमुखांना विचारा, एवढंच म्हणायचं.

इथंच एक फरक नीट समजून घ्या. सीमा ओलांडली तो निर्वासित. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, पण भारत आणि बांगलादेश या दोघांनीही त्यावर सही केलेली नाही. आपल्याच देशात घर सोडून दुसरीकडं गेला तो अंतर्गत विस्थापित. त्याच्यासाठी १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण तो करार नव्हे. या अंतर्गत विस्थापिताची जबाबदारी त्याच्याच सरकारवर असते, आणि कधीकधी भांडणातला एक पक्ष तेच सरकार असतं. त्यामुळं कलेक्टरकडं कसं बोलायचं, कोणती परवानगी लेखी घ्यायची, कोणाच्या गाडीत बसायचं नाही, हे सगळं बदलतं.

आकडे पाठ करा

१९९४ मध्येच रवांडातून काही दिवसांत लाखो माणसं सीमेपलीकडं गोमा शहराजवळ आली. तिथला दगड ज्वालामुखीचा, संडास खणता येईनात, पाणी पुरेना. पटकी आणि हगवणीनं पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० माणसं गेली. त्या अपयशातून १९९७ मध्ये स्फिअर नावाच्या, मदतकामाच्या मानकांचं काम सुरू झालं. आज जगभर तीच मापं धरतात. वळिवड्याएवढी, पाच हजारांची वस्ती डोळ्यांपुढं आणा आणि हिशेब करा.

पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर. म्हणजे ७५,००० लिटर, दहा हजारी टँकरच्या आठ खेपा. अडीचशे माणसांना एक नळ धरला तर २० नळ, आणि कुणालाही पाण्यासाठी ५०० मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये, अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायला लागू नये. डोक्यावर छप्पर माणशी साडेतीन चौरस मीटर. पण रस्ते, संडास, शाळा, आगीसाठी मोकळे पट्टे धरून वस्तीची एकूण जागा माणशी ४५ चौरस मीटर लागते, म्हणजे पंचावन्न-छप्पन्न एकर. एवढी जागा कुणी देत नाही. तरी मागा, आकडा कागदावर लिहून मागा. कॉक्स बाजारच्या कुटुपलाँग छावणीच्या दाटीत माणसांना यातलं फारच थोडं मिळालं, आणि २२ मार्च २०२१ ला बालुखाली भागात लागलेली आग झोपडीवरून झोपडीवर उड्या मारत गेली. सुमारे ४५,००० माणसं पुन्हा एकदा बेघर झाली.

अन्न माणशी दिवसाला २,१०० कॅलरी. धान्य दिवसाला ४०० ग्रॅम धरलं तरी महिन्याला ६० टन, दहा-टनी ट्रकच्या सहा खेपा. वर डाळ, तेल, मीठ. आणि शिजवायचं कशावर? हा प्रश्न विसरला की बायका सरपणासाठी रानात जातात आणि रानात काय होतं ते मी इथं लिहीत नाही. कॉक्स बाजारला २०१८ पासून गॅसच्या टाक्या मिळायला लागल्यावर तिथलं रानही वाचायला लागलं आणि बायकांची वणवणही कमी झाली.

पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली की काम झालं असं समजू नका. आपल्या गावातला जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघतो, तशी रोज करा, पण नळावर करून थांबू नका. झोपडीतल्या हंड्यातलं पाणी तपासा. माणूस पितो ते पाणी हंड्यातलं असतं.

आणखी एक आकडा, जड जातो पण रोज बघायचा. दहा हजार माणसांमागं दिवसाला एक मृत्यू झाला की ती आणीबाणी. पाच हजारांत दर दोन दिवसांना एक. हा आकडा दवाखान्यातून कळत नाही, कारण बरीच माणसं घरातच जातात. कबरी खणणाऱ्याशी ओळख ठेवा. रोज संध्याकाळी त्याला भेटा, आणि त्यातल्या किती लहान होत्या तेही विचारा.

संडास

यावर जरा जास्त लिहिते. २००५ मध्ये एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं. आम्ही तिसऱ्यांदा बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो तेव्हा एका आजीनं माझा हात धरून बाजूला नेलं. म्हणाली, "पोरी, बिस्किटं लई झाली गं. पर आमी बायकांनी जायाचं कुठं?" शाळेत दोन संडास होते. एकाला कडी नव्हती, दुसऱ्यात पाणी नव्हतं. दीडशे बायका तीन दिवस अंधार पडायची वाट बघत होत्या आणि जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा कमी पीत होत्या. आमच्या वाटपाच्या वहीत त्या तिन्ही दिवस बरोबरची खूण होती.

बारा वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, मी हेच ऐकलं. रोहिंग्या बायका दिवसा संडासला जात नव्हत्या, कारण ते पुरुषांच्या वाटेवर बांधले होते. रात्री जात नव्हत्या, कारण दिवा नव्हता. म्हणून जेवत नव्हत्या.

माप असं: पहिल्या धांदलीत पन्नास माणसांमागं एक संडास, आणि लवकरात लवकर वीसमागं एक. पुरुषांच्या एकामागं बायकांचे तीन. वेगळे, आणि वेगळे म्हणजे दोन टोकांना, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नव्हे. दाराला आतून कडी. वाटेवर दिवा. पाळीच्या कापडांची विल्हेवाट लावायला आणि ती धुवून वाळवायला आडोसा. जागा बायकांनाच ठरवू द्या. आम्ही एका ब्लॉकमध्ये बायकांच्या हातात चुन्याची फक्की दिली आणि सांगितलं, जिथं पाहिजे तिथं खूण करा. त्यांनी केलेल्या खुणा आमच्या इंजिनिअरच्या नकाशापासून बऱ्याच लांब होत्या. तो आधी नाराज झाला. मग त्यानं उतार तपासला, विहिरीपासूनचं अंतर मोजलं, दोनच खुणा हलवाव्या लागल्या.

आणि खड्डा भरल्यावर तो उपसणार कोण, मैला कुठं नेणार, याचे पैसे पहिल्याच बजेटमध्ये धरा. सगळे विसरतात.

वाटपाचा दिवस

आदल्या दिवशी टोकन. टोकनावर वेळ लिहा, म्हणजे पहाटे चारला माणसं येऊन बसत नाहीत. आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी. ज्याला जे मिळणार ते चित्रांसह मोठ्या फळ्यावर, वजनासकट, आणि शेजारी उघडा काटा, कुणीही आपली पिशवी तोलून बघावी. गरोदर, म्हातारी, अपंग यांची रांग वेगळी आणि त्यांच्या पिशव्या घरापर्यंत पोचवायला मजुरी देऊन नेमलेली पोरं. दुपारी दोनपर्यंत सगळं आटपा, म्हणजे बायका उजेडात घरी पोचतात. सावली आणि प्यायचं पाणी ठेवा. फोटो काढायला येणाऱ्यांना रांगेपासून लांब उभं करा. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या हातून वाटप करायचं नाही.

आणि दोन आठवड्यांनी दहा घरी जा. टोकनाच्या वहीत डोळे मिटून बोट ठेवून निवडलेली दहा घरं. काय खाल्लं, काय विकलं, का विकलं, कुणाला हिस्सा द्यावा लागला. विकलं म्हणून रागावू नका. तांदूळ विकून माणसं औषध घेतात, मासळी घेतात. बाजार चालू असेल आणि भाव स्थिर असतील तर मुळातच रोख पैसे किंवा कूपन द्यावं, असं माझं ठाम मत आहे. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडं रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग आठवा. त्या ट्रकांच्या भाड्यात किती घरांचा महिन्याचा बाजार झाला असता.

बंदूक जवळ असते तेव्हा

पुराचं पाणी उतरलं की माणूस घरी जातो. संघर्षात घराच्या वाटेवर तोच शेजारी उभा असतो ज्याला भिऊन हा पळाला. म्हणून तुमच्या प्रत्येक साध्या निर्णयाला बाजू चिकटते. ट्रक कुणाचा भाड्यानं घेतला, गोदाम कुणाच्या जागेत, टँकरवाला कोणत्या समाजाचा, दुभाषा कोणत्या गावचा. सगळा पैसा एकाच बाजूच्या खिशात जातोय का, हे दर महिन्याला कागदावर मांडून बघा. दोन्ही बाजूंना गरजू असतील तर दोन्हीकडं काम करा, आणि गरज जास्त तिथं जास्त द्या. समान देणं आणि निःपक्ष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोमाची दुसरी शिकवण इथं लागू पडते. त्या छावण्यांत नरसंहार घडवणारे पुढारीही आले होते आणि वाटप त्यांच्याच हातात होतं. ते माणसं फुगवून सांगत, उरलेलं धान्य विकून आपली ताकद वाढवत. काही संस्था शेवटी तिथून बाहेर पडल्या. निघायचं की राहायचं, याचं सोपं उत्तर नाही, पण कोणत्या गोष्टी घडल्या तर आपण काम थांबवू, हे डोकं शांत असताना लिहून ठेवा. वाटप म्होरक्यांच्या हातून न देता थेट घरातल्या बाईच्या हातात दिलं, तर बराच चोरटा हिस्सा बंद होतो. वाटपाच्या आवारात हत्यार नको, पहारेकऱ्याचंसुद्धा.

आधीपासून तिथं राहणाऱ्यांना विसरू नका. उखियात एवढी माणसं आल्यावर तिथल्या मजुराची मजुरी पडली, बाजारात भाव चढले. बोअर पाडली की शेजारच्या गावालाही एक पाडा. दवाखाना दोघांसाठी ठेवा.

तक्रार कुठं करायची

माझी सगळ्यांत मोठी चूक इथं झाली. आम्ही तक्रारपेटी लावली. तीन महिने पेटी रिकामी राहिली आणि मी अहवालात लिहिलं, तक्रारी नाहीत. मग एक दिवस आमची स्थानिक कार्यकर्ती हातपंपावर बायकांबरोबर बसली असताना कळलं की वाटपावरचा एक रोजंदारीचा माणूस टोकन देताना एकट्या बायकांना संध्याकाळी भेटायला बोलवत होता. त्या बायकांना लिहिता येत नव्हतं आणि पेटी त्याच्याच टेबलाशेजारी होती. त्याला त्याच दिवशी काढलं, वरच्या कार्यालयाला कळवलं, त्या बायकांना विचारून दवाखान्याची आणि समुपदेशनाची सोय केली. पण तीन महिने गेले होते, आणि ते माझ्या देखरेखीखाली गेले होते.

म्हणून पेटीवर विसंबू नका. हातपंपावर, बाळंतिणींच्या खोलीत, शाळेच्या ओट्यावर रोज ठरलेल्या वेळी बसणारी बाई नेमा. मदत फुकट आहे, तिच्या बदल्यात कुणी काहीही मागू शकत नाही, हे प्रत्येक वाटपात तोंडी, त्यांच्या भाषेत, मोठ्यानं सांगा. माणसं नेमताना, रोजंदारीवालासुद्धा, आचारसंहिता वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्या.

बैठका, अहवाल, देणगीदारांचे फॉर्म, हे सगळं आहेच, चार महिन्यांत जमतं. स्थानिक सहकाऱ्यांकडं मात्र लक्ष ठेवा. ते दिवसभर इतरांची दुःखं लिहून घेतात आणि रात्री त्याच झोपड्यांत किंवा त्याच धास्तीत परत जातात. त्यांची सुट्टी तुमच्या सुट्टीआधी मंजूर करा.

कोल्हापुरात सुरुवात कशी करायची

परदेशातल्या नोकरीच्या जाहिरातीची वाट बघू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पूरपट्ट्यातलं एक गाव घ्या, प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडचं कुठलंही. मे महिन्यात जा. सरपंचांकडून यादी घ्या आणि मग कडेपासून फेरी मारून ती तपासा. भाड्यानं राहणारे, ऊसतोडीवरून परतून माळावर उतरलेले, वस्तीच्या टोकाची घरं, एकटी म्हातारी. कोणाला चालता येत नाही आणि त्याला कोण उचलणार, ते नावानिशी लिहा. ओटी टेस्ट शिका, दंडघेर मोजायला शिका. पाच हजारांचा हिशेब न बघता करता आला पाहिजे.

मग पूर आल्यावर माणसं ज्या शाळेत नेणार आहेत, त्या शाळेत जा. संडास मोजा. नळ सोडून बघा. आणि प्रत्येक दार ओढून घेऊन, आतून कडी लागते का, ते स्वतः आत उभं राहून बघा.